उमेदीच्या वर्षांतली जिवाई

मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून उतरते, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर ही गावे ओलांडते आणि मालेगावजवळ गिरणेला मिळते. अंगात बळ आहे तोवर जे कमावले, ते बळ सरल्यावर पोटाला कसे पुरवायचे, या प्रश्नाशी या खोऱ्यातली माणसे पिढ्यानपिढ्या झुंजत आली आहेत. कुणी जमिनीवर भरवसा ठेवला, कुणी मुलांवर, कुणी वतनावर. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर सालदारकी केली किंवा बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या. नामपुरातल्या वडीलधाऱ्यांकडून तरुणांना आजही एकच उपदेश मिळतो: उमेदीची वर्षे वाया घालवू नको, नाहीतर म्हातारपणी हाल होतील. उपदेश खरा आहे, पण अपुरा आहे. मोसमकाठचा माणूस तरुणपणी आळशी किंवा उधळ्या होता म्हणून म्हातारपणी दरिद्री झाला, असे इतिहास सांगत नाही. त्याने कष्ट उपसले आणि गाठीला पैसाही लावला. पण तो पैसा त्याने अशा ठिकाणी ठेवला, जिथून एक वाईट वर्ष, एक सावकार किंवा त्याचाच स्वतःचा हात तो काढून नेऊ शकत होता. जिथे कमाईतला वाटा कमावतानाच, नियमाने बांधून आणि हाताबाहेर ठेवला गेला, तिथे म्हातारपण तगले. पुढचे सारे विवेचन याच एका म्हणण्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घरोघरी म्हातारपण असणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होते. पाळण्यातच दगावणाऱ्या मुलांमुळे हा आकडा इतका खाली आला होता हे खरे. पण त्याबरोबरच पटकी, प्लेग, हिवताप आणि दुष्काळ यांतून वाचून साठी गाठणारे थोडेच असत, हेही खरे. आज आयुर्मान सत्तरीला टेकले आहे आणि साठी ओलांडलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक. म्हणजे आपल्या पणजोबांनी म्हातारपणाची जी तजवीज लावून दिली ती मोजक्या माणसांसाठी आणि थोड्या वर्षांसाठी होती. तीच तजवीज आज प्रत्येक घरातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना दीड-दोन दशके पुरेल, असे आपण धरून चाललो आहोत.

उद्याची सोय आज लावण्याची रीत या खोऱ्याला परकी नव्हती, याचा भक्कम पुरावा म्हणजे फड पद्धत. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे घालून, पाट काढून, सामायिक पाण्यावर शेती करण्याची ही व्यवस्था तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाते. बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असत. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भात, कोणत्यात गहू-हरभरा आणि कोणता फड यंदा पडीक ठेवायचा, हे हंगामाआधी सगळे मिळून ठरवत. एकदा ठरले की एकट्या शेतकऱ्याला आपल्या तुकड्यात वेगळे पीक घेता येत नसे. बहुतेक खातेदारांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असल्याने पाणी तुटले आणि एखादा फड सोडून द्यावा लागला, तरी कुणी पुरता कोरडा पडत नसे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना लाभधारकांनी धान्यात द्यायचा. मला या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिचे बंधन. पाटाला पाणी दिसत असतानाही ते सगळे वापरण्याची मुभा नव्हती. प्रत्येकाच्या शहाणपणावर विसंबून न राहता शहाणपणाचा नियम करून ठेवला होता, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस नेमला होता. मात्र हे सारे पाण्यापुरते. ज्याचा फडात तुकडा नाही, त्याला या शहाणपणाचा उपयोग नव्हता.

गावगाड्यातले वतन हीदेखील एका अर्थाने म्हातारपणाची तजवीजच होती. सुताराचे हात थकले तर मुलगा वाकस हाती घेई आणि बलुते घरात येत राही. हक्क माणसाचा नसून घराण्याचा असल्याने एका माणसाच्या थकण्याने तो बुडत नसे. जुन्या गावगाड्याची आठवण काढणारे याच गोष्टीचे कौतुक करतात, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. महार वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले जाई आणि बदल्यात मिळे तो तुटपुंजा मोबदला. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. घराण्याच्या हक्काची हमी देणारी व्यवस्था त्या घराण्यातल्या तरुणाला दुसरा धंदा धरायला मोकळीक देत नव्हती. म्हातारपणच्या भाकरीसाठी मुलाचे आणि नातवाचेही तरुणपण गहाण पडत असेल, तर अशा सुरक्षिततेचा मोह धरण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतर वतने गेली, हे योग्यच झाले. त्यांची जागा घेणारे काही उभे राहायला मात्र फार वेळ लागला.

उरली जमीन. १८१८ नंतर मोसम खोऱ्याचा हा बागलाण मुलूख खानदेशात होता; १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तो त्याला जोडला गेला. रयतवारीने जमीन खातेदाराच्या नावे आली आणि सारा रोख, ठरल्या तारखेला भरण्याची सक्ती आली. जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली, त्यामुळे तिच्यावर कर्ज मिळू लागले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे उसळले, ते शेजारच्या नगर जिल्ह्यात पसरले आणि सरकारला आयोग नेमावा लागला. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, ही त्या वेळच्या अधिकाऱ्यांची आवडती समजूत होती. आयोगाने चौकशी करून निष्कर्ष काढला की लग्नाच्या खर्चाला कर्जाच्या कारणांत नको इतके महत्त्व दिले गेले आहे. पावसाचा लहरीपणा, साऱ्याचा ताठरपणा, सावकाराच्या हातातली दिवाणी कोर्टे आणि चढत्या व्याजाची जुनी बाकी ही कारणे मोठी होती. १८७९ चा डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा या चौकशीतून आला. गरिबाच्या गरिबीचे खापर त्याच्याच सवयींवर फोडायची घाई आजही अनेकांना असते. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी आयोगाचे एवढे तरी ऐकावे.

जमीन ही म्हातारपणाची ठेव मानण्यात दुसरी अडचण अशी, की ती वाढत नाही आणि वाटेकरी वाढतात. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथली सरासरी धारणा ४० एकरांची होती, १८१८ च्या सुमारास ती साडेसतरावर आली आणि १९१५ पर्यंत ७ एकरांवर. गावातली सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे, शेतीची आणि बाहेरची मिळकत एकत्र धरूनही, आपल्या साध्या राहणीचा खर्च भागवू शकत नव्हती. पुढचा आलेख सगळ्या राज्याचा आहे: कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी खाते १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टरचे होते, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरचे. वाटण्या होताना आईवडिलांसाठी जिवाई काढण्याची रीत राज्याच्या अनेक भागांत आहे. पंचांसमोर मुलांचे हिस्से पाडताना म्हातारा-म्हातारीच्या नावे एखादा तुकडा किंवा दरसालचे धान्य बाजूला ठेवायचे. आठ एकरांतून एक एकर जिवाई काढणे सोपे होते. तीन एकरांचे तीन भाऊ झाले की जिवाईचा तुकडा हाच भांडणाचा विषय होतो. शिवाय तो नांगरायचा कुणी? ज्याच्यासाठी राखला त्याचे हात तर थकलेले असतात. जिवाईची कल्पना फार शहाणी आहे. चुकली आहे ती तिची वेळ. ती कमावता काळ संपल्यावर, दुसऱ्यांच्या वाट्यातून काढली जाते. खरे तर ती उमेदीत, स्वतःच्या कमाईतून निघायला हवी.

आणि जिवाई मिळालीच तरी ती म्हाताऱ्याच्या नावे; त्याच्या मागे म्हातारी उरते. कांद्याची लागण, निंदणी, काढणी, कापणी, डाळिंबाची तोडणी ही या खोऱ्यातली कामे बायकांनी वाहिली. तरुणपण त्यांचेही तेवढेच खर्ची पडले, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे. याच जिल्ह्यातल्या चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले, आणि पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला सांगितले. काही गावांनी ते मनावर घेतले. नवरा हयात असताना, त्याच्या चालत्या काळात बायकोचे नाव लागणे, ही मला म्हातारपणाच्या दारिद्र्यावरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तजवीज वाटते. तिला ना हप्ता लागतो ना व्याज. लागतो तो फक्त पुरुषाचा होकार.

ज्यांच्याकडे वाटायलाच काही नव्हते, त्यांची गोष्ट आखाजीपासून सुरू होते. अक्षय्य तृतीया हा खानदेशात आणि बागलाणातल्या अहिराणी मुलखात शेतीचे नवे वर्ष मांडण्याचा दिवस. याच सुमाराला सालदाराचे साल ठरते: वर्षाची रक्कम, धान्य आणि आगाऊ उचल किती. बैलांचे चारापाणी पहाटे, नांगर-वखर दिवसा, आणि शेतीपंपाची वीज रात्री येत असेल तर बारे द्यायचे रात्री. आजारपणाने खाडा पडला तर साल कापले जाते. भिल्ल, कोकणा आणि इतर भूमिहीन घरांतल्या तरुणांनी पिढ्यानपिढ्या आपली पंधरा ते पन्नास ही वर्षे अशी वर्षावर्षाने विकली. इथे उचलीचा हिशेब नीट पाहावा. बचत म्हणजे आजची कमाई उद्यासाठी ठेवणे. उचल म्हणजे उद्याची कमाई आज खाणे. लग्न, बाळंतपण, दवाखाना यांसाठी घेतलेली उचल सालातून फिटत नाही, मग पुढच्या आखाजीला तीच बाकी नव्या सालाच्या माथी बसते. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी सालदारांच्या मजुरीचा, रजेचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा लढा दिला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. सालदाराचे वर्ष या दोहोंनी काहीसे सुधारले. पण मालकाने सालाबरोबर त्याच्या म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला काढावेत, अशी सक्ती आपल्याकडे अजूनही नाही. उमेदीचा सदुपयोग करण्याचा उपदेश या माणसाला करणे अन्याय्य आहे. त्याच्याइतका उमेदीचा उपयोग कुणी केला असेल? फक्त तो दुसऱ्याच्या शेताला झाला.

आता ज्यांना चांगली वर्षे पाहायला मिळाली त्यांच्याकडे वळू. गेल्या तीन-चार दशकांत बागलाणाने उन्हाळी कांदा, डाळिंब आणि हंगामाआधी येणारी अर्ली द्राक्षे यांतून मोठा पैसा पाहिला. डाळिंबाने तर कोरडवाहू माळांवर बंगले उभे केले. तो पैसा तरुणांनी वाया घालवला, असे म्हणणे पुन्हा चुकीचे ठरेल. नवी विहीर, आणखी एक बोअर, शेततळे, ठिबक, ट्रॅक्टर, कांदाचाळ, आणखी दोन एकर: एकेक गोष्ट शहाणपणाचीच होती. पण साऱ्या गोष्टी एकाच पावसावर, एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर उभ्या होत्या. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा फळावर काळे डाग पडून ते तडकू लागले, औषधांचा खर्च वाढत गेला आणि शेवटी अनेकांनी आपल्या हाताने बागा उपटल्या. जी बाग म्हातारपणी पेन्शन देईल असे वाटत होते, तिचे कर्ज मागे राहिले. कांद्याचे दुखणे वेगळे. तिथे रोगापेक्षा सरकारी निर्णय घात करतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले आणि ७ डिसेंबरला निर्यातबंदी. चाळीत कांदा सांभाळून ठेवणारा शेतकरी बचतीची कला जाणतोच. महिनोन्‌महिने माल राखून योग्य भावाची वाट पाहणे म्हणजे दुसरे काय? एका अधिसूचनेने ती बचत अर्ध्यावर येऊ शकते, हा त्याचा दोष नाही. पण हे होऊ शकते हे माहीत असताना सगळी शिल्लक पुन्हा त्याच रानात घालणे, हा दोष मात्र त्याचाच. चांगल्या वर्षाच्या नफ्यातला थोडा भाग शेतीबाहेर नेऊन ठेवण्याची रीत आपल्याकडे पडली नाही, आणि तीस वर्षांच्या भरभराटीत ती पडू शकत होती.

याच नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात या साऱ्याला अपवाद असणारा एक माणूस दिसतो. तो शेतकरी नाही, व्यापारी नाही. तो हमाल आहे. पाठीवरचे काम हे तरुणपणाचे काम. पन्नाशीत गुडघे आणि मणके बोलू लागतात. साताऱ्याच्या पाटण भागातून मुंबईत आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी धक्क्यावरच्या आणि बाजारातल्या अशा कष्टकऱ्यांची संघटना बांधली आणि त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. या कायद्याची रचना साधी आणि विलक्षण आहे. हमालाला आज एक मालक, उद्या दुसरा; मग त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी कुणाची? कायद्याने मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ नेमले. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार अशी तरतूद. म्हणजे हमाल जेव्हा गोणी उचलतो त्याच क्षणी त्याच्या म्हातारपणाचा वाटा वेगळा होतो. तो सावकाराला दिसत नाही, सणाला खर्च होत नाही, पाऊस पडला नाही म्हणून आटत नाही. कारखान्यातल्या कामगाराला १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने जे मिळाले ते शिक्षण नसलेल्या, मालक ठरलेला नसलेल्या माणसाला मिळवून देणारा हा कायदा महाराष्ट्राने देशाला दाखवला, याचा आपल्याला जितका अभिमान हवा तितका नाही.

हे सुरळीत चालले असे मात्र नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये लेव्हीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बरेच दिवस ठप्प झाले. हमाली, तोलाई आणि लेव्ही भरायची कुणी, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की व्यापाऱ्याने सोसायची, हा तो वाद. शेतकऱ्याचे म्हणणे रास्त होते. पडत्या भावात त्याच्या पट्टीतून आणखी एक कपात कशासाठी? हमालाचे म्हणणेही रास्त होते. कायद्याने दिलेला हक्क तो का सोडील? त्या भांडणात एक गोष्ट उघडी पडली. आवारात माल आणणारा तरुण शेतकरी हमालापेक्षा वरचढ समजला जातो, पण साठीनंतरची बांधलेली तरतूद हमालाकडे आहे, शेतकऱ्याकडे नाही. शेतकऱ्याने हमालाच्या लेव्हीवर राग धरण्यापेक्षा, आपल्याही प्रत्येक पट्टीतून आपल्याच नावे असा वाटा निघावा अशी मागणी करावी, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हातातोंडाची गाठ पडत नाही तिथे बाजूला काय टाकणार? आक्षेप गंभीर आहे, आणि सालदाराच्या बाबतीत त्याचे उत्तर मजुरी वाढवणे हेच आहे. तरीही वयाचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर मांडून पाहावा. २०१५ पासूनच्या अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना ५,००० रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी सामील होणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, आणि चाळिसाव्या वर्षी सामील होणाऱ्याला १,४५४ रुपये. पहिला बेचाळीस वर्षांत एकूण १ लाख ५ हजार ८४० रुपये भरतो. दुसरा वीस वर्षांत ३ लाख ४८ हजार ९६०. पेन्शन दोघांना सारखीच. २०१९ मध्ये आलेल्या, दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठीच्या मानधन योजनेत आणि असंघटित कामगारांच्या श्रमयोगी मानधन योजनेत हप्ता वयानुसार ५५ ते २०० रुपयांचा आहे, तेवढीच भर केंद्र सरकार घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये ठरलेले आहेत. तरुणपणाचे मोल आजवर आपण अंगमेहनतीत मोजत आलो. या आकड्यांत ते रुपयांत दिसते. अठराव्या वर्षीचा रुपया बेचाळीस वर्षे राबतो, चाळिसाव्या वर्षीचा वीसच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बेचाळीस वर्षांनी ३,००० रुपयांची किंमत काय राहील? महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर आजच्या ३९० रुपयांच्या आसपास. तेव्हा या योजनेवर एकट्याने म्हातारपण निघेल असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे. सरकारने ही रक्कम महागाईशी जोडली पाहिजे, आणि कमावत्या माणसाने मिळकत वाढेल तसा वेगळा वाटा वाढवत नेला पाहिजे. पण पैसा कुठे ठेवायचा, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक देशभर सुरू झाली, १८८४ मध्ये टपाल विमा आला. तो खेड्यातल्या सामान्य माणसाला मिळायला १९९५ साल उजाडले. दरम्यान १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्या, तेव्हा कुठे ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. आज बँकेतल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला तो विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. उत्तर महाराष्ट्रात दोन टक्के जास्त व्याजापायी म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी बुडालेली आपण पाहिली आहे. तरुणपणी नियमाने ठेवलेला पैसाही चुकीच्या जागी ठेवला तर तो म्हातारपणी नसतो, हे वडीलधाऱ्यांच्या उपदेशात सहसा येत नाही.

मुले सांभाळतील, हा तिसरा आक्षेप. आणि बहुतेक घरांत ती सांभाळतातही. पण २००७ मध्ये आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा करावा लागला, प्रांताधिकाऱ्यांपुढे म्हाताऱ्यांना अर्ज घेऊन जावे लागते, हे वास्तव आहे. मुलगा वाईट असतो म्हणून नेहमी असे होते, असे नाही. एक-सव्वा हेक्टरच्या रानात तो स्वतःची मुले आणि आईवडील दोन्ही कुठून ओढणार? सरकारने पाहावे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे, पण त्यांनी हिशेबही पाहावा. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला तो कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीवर. ती वर्गणी तरुणपणापासून निघत होती. इकडे सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला असे सांगितले जाते, आणि म्हणून लोकांनी त्यांना देव केले. त्यांच्या धैर्यापुढे हात जोडावेत. पण म्हातारपणची भाकरी एखाद्या अधिकाऱ्याच्या दयेवर ठेवता येत नाही. अशी माणसे दुर्मीळ असतात म्हणूनच त्यांची देवळे होतात.

तेव्हा मागणे दोन ठिकाणी करायचे आहे. बाजार समित्या आणि ग्रामपंचायतींनी आखाजीच्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक सालदाराची, मजूर बाईची आणि अल्पभूधारकाची मानधन योजनेत नोंद करून घ्यावी, आणि सालदाराचा हप्ता मालकाने सालाव्यतिरिक्त भरावा असा ठराव ग्रामसभेत करावा. फडाचे नियम ज्यांच्या पूर्वजांनी केले आणि पाळले, त्यांना हे अवघड नाही. आणि नामपूर, जायखेडा, ताहाराबादच्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी यंदाच्या पहिल्या मजुरीतून किंवा पहिल्या पट्टीतून आपली जिवाई काढायला सुरुवात करावी, शेतीबाहेर, आपल्या स्वतःच्या नावे. मुलींनी तर आवर्जून. अटल पेन्शन आणि दोन्ही मानधन, या तिन्ही योजनांत चाळिशी उलटलेल्या माणसाला प्रवेश नाही.